आगगाडीने युरोप : आधी वही उघडा, मग नकाशा

चिंचणीचे एक डायमेकर आमचे जुने वाचक. सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरण्यात त्यांची वीस वर्षे गेली. मध्यंतरी ते बोईसरला आले तेव्हा पिशवीतून एक जाहिरात काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवली. बसने युरोप, दहा रात्री, सात देश, माणशी अडीच लाख रुपये. घरात नवरा-बायको आणि दहा वर्षांचा मुलगा, म्हणजे साडेसात लाख. भाईंकडे भिशीचे आणि वर्षावर्षाला बाजूला टाकलेले मिळून सहा लाख जमले आहेत. "याच सहा लाखांत संगणकावर चालणारे कोरीव यंत्र येण्याइतकी सोय होते. पण घरच्यांना निकाहच्या दहाव्या वर्षी शब्द दिला होता, आता पंधरावे चालू आहे," असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले की आगगाडीने, आपले आपण, सहा लाखांत हे जमेल का?

यंत्राबद्दल सल्ला देण्याचा अधिकार आमचा नाही. सहलीचा हिशेब मात्र आम्ही त्यांच्यासोबत बसून केला. असाच प्रश्न पालघर आणि बोईसरच्या दुकानदारांकडून आम्हाला आणखीही दोघा-तिघांनी विचारला आहे, म्हणून तो सगळ्यांसाठी येथे मांडत आहोत.

प्रवासाच्या सोयींशी आपल्या या मुलखाचे नाते जुने आहे. चिंचणीला सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मुहम्मद या नावाचे तेव्हाच्या लेखकाने 'मधुमती' असे रूप केले. राष्ट्रकूटांच्या वतीने काम पाहणाऱ्या या माणसाने दोन प्रवाहांवर मोफत नावा ठेवल्या आणि वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप देणारे अन्नछत्र घातले, असे तो ताम्रपट सांगतो. युरोपात नाव मोफत नाही आणि अन्नछत्रही नाही, तेव्हा हिशेबाकडे वळू.

पहिला प्रश्न : कधी जायचे

भाईंना दोन गोष्टी एकाच फेरीत साधायच्या होत्या. इटलीत मिलान आणि व्हेनिस यांच्या दरम्यान व्हिचेंझा नावाचे शहर आहे. सोन्याच्या दागिन्यांच्या धंद्यात त्याचे नाव मोठे आहे. तेथे 'व्हिचेंझाओरो' हे दागिन्यांचे व्यापारी प्रदर्शन जानेवारीत आणि सप्टेंबरात भरते, आणि जानेवारीत त्याला जोडून 'टी-गोल्ड' हे यंत्रे आणि हत्यारांचे दालन असते. डायमेकरने पाहावे असे ते दालन आहे, यात शंका नाही.

पण जानेवारीत मुलाची शाळा आणि तिकडे कडाक्याची थंडी. सप्टेंबरात हवा उत्तम, पण दिवाळीच्या मालाचे डाय त्याच सुमारास लागतात आणि तेव्हा गाळा बंद ठेवणे म्हणजे गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या हाती देणे. राहिला मे महिना. त्यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चांद्रवर्ष दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे २०२७ मध्ये बकरी ईद मेच्या मध्यावर येते, नेमका दिवस चंद्रदर्शनावर. म्हणजे मेचा पहिला पंधरवडा हाच काय तो मोकळा. कापड आणि चपलांच्या दुकानदारांनी तर ईदच्या आधीचे दिवस गल्ल्यावर नसणे परवडणार नाही. त्यांच्यासाठी दिवाळीची सुटी बरी, विमानाचे भाडेही मेपेक्षा बहुधा कमी असते.

आमचे मत भाईंना स्पष्ट सांगितले. कुटुंबाची सहल ही कुटुंबाचीच असू द्या. प्रदर्शन पुढे कधी जानेवारीत दोघा-तिघा डायमेकरांनी मिळून करा. बायको-मुलाला हॉटेलात बसवून आपण दिवसभर यंत्रे पाहत हिंडलो, तर पैसे दोन्हीकडचे जातात. शिवाय व्हिसाच्या अर्जात येण्याचे कारण खरे लिहावे लागते. प्रदर्शनासाठी जाणाऱ्याने व्यापाराचे कारण द्यावे आणि नोंदणीची पावती जोडावी. तारापूर औद्योगिक वसाहतीतले रसायनवाले फ्रँकफर्टच्या 'अचेमा' प्रदर्शनाला असेच जातात. ते तीन वर्षांतून एकदा भरते, २०२४ नंतरचे २०२७ मध्ये आहे.

व्हिसा : येथे घाई चालत नाही

शेंगेन व्हिसा एकच असतो आणि तो आज २९ देशांत चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्याचे चलनही वेगळे, पण शेंगेनमध्ये तो आहे. ब्रिटन मात्र यात नाही. त्याचा व्हिसा निराळा आणि फी निराळी, म्हणून तीन जणांच्या पहिल्या सहलीत लंडन घालू नये असे आमचे मत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यात पुष्कळांची चूक होते. विमान जेथे उतरते त्या देशाकडे नव्हे, तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील, तरच जेथे पहिले पाऊल पडेल तो देश. भाईंच्या आराखड्यात पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये दोन आणि इटलीत सहा. तेव्हा उतरायचे फ्रान्समध्ये, पण अर्ज इटलीकडे.

११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलाची ४५. सहा वर्षांखालच्या मुलाला फी नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. आणि नाकारण्याचे प्रमाण थोडे नाही. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे सातांत एक.

कारागिराचा अर्ज कोठे अडतो, तर बँकेच्या पासबुकात. आपल्याकडे पुष्कळ व्यवहार रोखीने होतात, भिशीही रोखीची. वर्षभर खात्यात पंधरा-वीस हजार खेळते आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम पाच लाख भरले जातात. तपासणाऱ्याच्या डोळ्यांत हीच गोष्ट भरते. आमच्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्याचे असेच झाले. पैसा त्यांच्या घामाचा होता, पण कागदावर तो कोठून आला हे दिसत नव्हते. तिघांची फी गेली आणि आधी काढलेली परत न होणारी तिकिटेही गेली. तेव्हा सहलीचा पैसा निदान सहा महिने आधीपासून थोडाथोडा खात्यात येऊ द्या. आयकर विवरणपत्रे वेळेवर भरलेली असावीत. जीएसटी असेल तर त्याचे प्रमाणपत्र, नसेल तर उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता परवाना जोडा. गाळा भाड्याचा असेल तर भाडेकरार. आपला धंदा येथे आहे, आपण परत येणार आहोत, हे कागदांनी बोलले पाहिजे.

दुसरी अडचण नावाची. आपल्या घरांत एकाच माणसाचे नाव आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि निकाहनाम्यात तिसरे असते. पासपोर्टवर काहींचे आडनावाचे रकानेच रिकामे असतात. पासपोर्ट हा पाया धरून बाकी कागद त्याच्याशी जुळवून घ्या, आणि विमानाचे तिकीट पासपोर्टवरील अक्षरांप्रमाणेच काढा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. ३०,००० युरोंपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाचा प्रवासविमा सक्तीचा आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर कोणी जाऊ नये. मेमध्ये जायचे तर जानेवारीतच अर्ज टाका. याचे कारण आगगाडीच्या तिकिटात आहे, ते पुढे येईल. हा व्हिसा सरळपणे वापरून वेळेवर परतलात तर पुढच्यालाही त्याचा उपयोग होतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नीट वापरलेल्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. भाईंचे जानेवारीचे प्रदर्शन या सहलीमुळे सोपे होते ते असे.

पास घ्यावा की सुटी तिकिटे

पालघर-बोईसरच्या माणसाला रेल्वेचा पास समजावून सांगण्याची गरज नाही. लोकलचा पास खिशात असला म्हणून कोणत्याही एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यात बसता येत नाही, हे आपण दंड भरून शिकलो आहोत. युरोपचा 'युरेल' पास याच जातीचा आहे. महिन्याभरात ठरावीक दिवस, समजा चार, पाच किंवा सात, वाटेल तितका प्रवास करा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत पास दाखवून सरळ बसता येते. पण फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते, त्याचे पैसे वेगळे, आणि पासवाल्यांसाठी जागाही मोजक्या असतात. अकरा वर्षांपर्यंतचे मूल मोठ्या माणसाच्या पासावर फुकट जाते, आरक्षणाचे पैसे मात्र त्याचेही पडतात.

याउलट सुटी तिकिटे विमानासारखी विकली जातात. आधी घेतले तर स्वस्त, गाडी सुटायच्या दिवशी घेतले तर दुप्पट-तिप्पट. स्वस्त तिकीट बहुधा परत होत नाही, त्याच गाडीने जावे लागते.

भाईंचा मार्ग असा. पॅरिसहून बाझल करून ल्युसर्न, तेथून मिलान, मिलानहून व्हेनिसजवळचे मेस्त्रे, आणि मेस्त्रेहून रोम. चार लांब प्रवास. दोन-तीन महिने आधी तिकिटे काढली तर मोठ्या माणसाचे चारही मिळून १६० युरो आम्ही धरले, मुलाचे निम्मे. तिघांचे ४०० युरो. चार दिवसांचा पास धरला २८० युरोंचा, दोघांचे ५६०, त्यावर तिघांच्या आरक्षणाचे माणशी ६५ प्रमाणे १९५. एकूण ७५५. म्हणजे पास ३५५ युरोंनी महाग. युरो ११० रुपये धरला तर ३९ हजार रुपयांचा फरक. हे आकडे आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत. तुम्ही तिकीट घ्याल त्या दिवशीचे दर घालून ही वजाबाकी पुन्हा करा, पण वजाबाकी केल्याशिवाय पास घेऊ नका. जाहिरातीत 'वाटेल तितका प्रवास' वाचून मन लोभावते. महिनाभर हिंडणाऱ्या, आज येथे तर उद्या तेथे असे ठरवणाऱ्या तरुणाला पास चांगला, त्याला सत्तावीस वर्षांपर्यंत सवलतही आहे. चार ठरलेले प्रवास करणाऱ्या कुटुंबाला तो पुरत नाही.

आता व्हिसाशी सांधा जुळवू. स्वस्त तिकीट परत होत नाही आणि व्हिसाचा भरवसा नाही. म्हणून क्रम असा ठेवा. आधी रद्द करता येतील अशी हॉटेले आणि तारीख बदलता येईल असे विमान, मग व्हिसा, आणि व्हिसा हाती आल्याच दिवशी आगगाडीची तिकिटे. जानेवारीत अर्ज केला तर फेब्रुवारीत हा दिवस उजाडण्याची आशा धरता येते आणि तिकिटे स्वस्त असतात. मार्चअखेर अर्ज करणाऱ्याला एप्रिलच्या शेवटी दुप्पट भावाने घ्यावी लागतात.

विमानाचे तिकीट मुंबई-पॅरिस आणि रोम-मुंबई असे घ्यावे. जेथे उतरलो तेथूनच परतायचे ठरवले तर शेवटचा एक दिवस आणि तिघांचे गाडीभाडे फुकट जाते. अशा दोन शहरांच्या तिकिटाला नेहमीच्या परतीच्या तिकिटापेक्षा फारसे जास्त पडत नाही, पण एजंट आपण होऊन सांगत नाही, विचारावे लागते.

गाड्यांविषयी दोन शब्द. फ्रान्सची टीजीव्ही १९८१ पासून धावते आहे. आपल्या बोईसरजवळ बेटेगावला बुलेट ट्रेनचे स्थानक व्हायचे आहे, त्या गाडीचा वेग कसा असतो याचा अंदाज पॅरिस-बाझल प्रवासात येईल. ल्युसर्नहून मिलानला जाताना गाडी गॉटहार्डच्या बोगद्यातून जाते. २०१६ मध्ये सुरू झालेला हा ५७ किलोमीटरचा बोगदा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे, म्हणजे डहाणू रोड ते विरार हे अंतरही त्याच्यापेक्षा फार मोठे नाही. त्याआधीची सरोवरे पाहायची असतील तर खिडकीची जागा घ्या, बोगद्यात काही दिसत नाही!

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो. तिथल्या गाड्या घड्याळ लावून घ्याव्यात इतक्या वेळेवर असतात, ही समजूत सोडा. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून. गाडी बदलायची असेल तर मध्ये पाऊण तास ठेवा. तेथे मासिक पासही आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. देशभरच्या लोकल, बस, ट्राम त्यावर चालतात, मोठ्या वेगवान गाड्या चालत नाहीत. प्रदर्शनासाठी दोन आठवडे राहणाऱ्याने त्याचा विचार करावा, मात्र तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, वेळेत बंद करायला विसरू नये.

इटलीत स्थानिक गाडीचे कागदी तिकीट नुसते विकत घेऊन भागत नाही. फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. न मारल्यास तिकीट असून दंड होतो. आम्ही एकदा तो भरला आहे. तपासनीस अत्यंत सभ्य होता, दंड मात्र पुरता घेतला.

हमाल कोठेच नाहीत. माणशी एक चाकांची बॅग, जी आपल्याला एकट्याने उचलून गाडीच्या पायऱ्या चढवता येईल तेवढीच. मोठ्या सुटकेसेस आणि पिठलं-भाकरीची पेटी घेऊन निघालेल्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत.

राहणे आणि खाणे

हॉटेल स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर घ्या. लांबचे स्वस्त हॉटेल टॅक्सीत महाग पडते. व्हेनिस बेटावर राहण्याऐवजी मेस्त्रेला राहावे, तेथून गाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस येते. २०२४ पासून व्हेनिसला केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून वसंत-उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात. मेस्त्रे हे व्हेनिसच्याच महापालिकेत असल्याने तेथे मुक्काम करणाऱ्यास ते माफ आहे, पण माफीची नोंद आधी करावी लागते. बहुतेक शहरांत हॉटेलच्या भाड्यावर दर रात्री शहराचा कर निराळा असतो.

मेस्त्रेत आणखी एक सोय. शेजारच्या मार्गेराच्या जहाज कारखान्यात बांगलादेशी कामगार मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे स्थानकाजवळच्या गल्ल्यांत हलाल मांस, डाळ, तांदूळ सगळे मिळते, आणि हिंदी-उर्दूत बोलून भागते. रोमला तेर्मिनी स्थानकाजवळ एस्क्विलिनो भागात हीच स्थिती. पॅरिसला बार्बेस आणि बेलव्हिल या वस्त्यांत अल्जीरिया-मोरोक्कोच्या लोकांची खानावळी आहेत. अडचण स्वित्झर्लंडमध्ये. तेथे जनावर बेशुद्ध न करता कापण्यास १८९३ पासून बंदी आहे, म्हणून हलाल मांस बाहेरून येते आणि महाग पडते. तेथले दोन दिवस चीज, ब्रेड, बटाटे, फळे यांवर काढा. ज्या सुपर बाजारातून स्थानिक लोक डबा घेतात तेथूनच घ्यावे. पाणी विकत घेऊ नका, नळाचे आणि चौकातल्या कारंजांचे पाणी पिण्याचे असते.

मेच्या सुरुवातीला पॅरिसला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. मगरिब नऊनंतर आणि इशा त्याहून पुष्कळ उशिरा, हे ध्यानात ठेवून मुलाच्या झोपेची आणि सकाळच्या गाडीची वेळ ठरवा. पॅरिसची मोठी मशीद १९२६ ची. भाईंना जुम्याला पॅरिसला राहायचे होते, पण तारखा पाहता जुमा ल्युसर्नला येतो की मिलानला हे तिकिटाच्या दिवसावर आहे. आम्ही त्यावर अडून बसू नका म्हटले.

वहीतला हिशेब

अकरा रात्री, तीन माणसे. खोली पॅरिसला १३० युरो, ल्युसर्नला १७०, इटलीत १००, मिळून १,३३० युरो. शहरांचे कर ६०. खाणे दिवसाला तिघांचे ६० प्रमाणे बारा दिवसांचे ७२०. शहरातील मेट्रो-बस दिवसाला २० प्रमाणे २४०. पाहण्याची ठिकाणे ३५०. त्यात ल्युसर्नजवळच्या रिगी डोंगराची दात्यांच्या रुळावरची गाडी आहे, ती १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरगाडी. लुव्र आणि इटलीची सरकारी संग्रहालये अठरा वर्षांखालील मुलांना फुकट आहेत. आगगाडी ४००. सगळे मिळून ३,१०० युरो, म्हणजे ११० च्या भावाने ३ लाख ४१ हजार रुपये. विमान माणशी ६० हजार धरून १ लाख ८० हजार. व्हिसा सेवाशुल्कासह ३३ हजार. विमा ६ हजार. बेरीज ५ लाख ६० हजार. त्यावर दहा टक्के आडअडचणीचे, ५६ हजार. म्हणजे ६ लाख १६ हजार.

येथवर बहुतेक लोक हिशेब करतात आणि वही मिटतात. पण गाळ्याचे भाडे, विजेचे किमान बिल, कारागिरांची खर्ची तेरा दिवस चालूच राहणार. भाईंनी स्वतः दिवसाला १,५०० सांगितले, ते १९,५०० झाले. एकूण ६ लाख ३५ हजार ५००. कारागीर नगावर काम करणारे असतील तर त्यांच्या रिकाम्या हातांचे काय, हेही आधी बोलून ठेवा. परत येऊन पाहावे तो चांगला कारागीर दुसऱ्या गाळ्यावर बसलेला, असे होऊ नये.

म्हणजे सहा लाखांत साडेपस्तीस हजार कमी पडतात. आडअडचणीचे ५६ हजार खर्च झालेच नाहीत तर सहल सहा लाखांच्या आतच होते, पण ते खर्च होणार नाहीत असे धरून निघणे म्हणजे जुगार. आम्ही सुचवले की स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर खाण्याचे दिवसाला वीस युरो वाचतील, बारा दिवसांचे २६ हजार. त्यावर भाभींचा निरोप आला की सुटीतही चूल मीच फुंकायची असेल तर चिंचणी काय वाईट होती! सूचना आम्ही मागे घेतली. 'आता फिरा, मग हप्ते भरा' ही योजनाही एका एजंटाने त्यांना दाखवली. व्याजाचा प्रश्न तर आहेच, पण निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी हौशीच्या खर्चाचा हप्ता यंत्राच्या हप्त्याआधी सुरू करणे आम्हाला पटत नाही.

पॅकेजशी तुलनाही प्रामाणिकपणे करू. साडेसात लाखांच्या तुलनेत एक लाखाहून थोडे अधिक वाचते. ज्यांना मोबाइलवर तिकीट काढणे आणि इंग्रजीत दोन वाक्ये बोलणे जमत नाही, त्यांनी पॅकेजने जाण्यात कमीपणा नाही. मात्र पॅकेज घेताना एजंट आयकराचा 'टीसीएस' वेगळा वसूल करतो. त्याचे दर आणि मर्यादा गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलल्या आहेत, तेव्हा त्या दिवशीचा दर सी.ए.ला विचारा. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो धंद्यातून बाहेर असतो, आणि पावतीवर पॅन चुकले तर मागे धावावे लागते.

पैसा नेताना थोडे युरो रोख, बाकी परकीय चलनाच्या कार्डावर. दुकानात कार्ड घासताना यंत्र विचारते, रुपयांत द्यायचे की युरोत. आपल्याला रुपया ओळखीचा वाटतो म्हणून तो निवडू नये, त्यात भाव त्यांचा लागतो. नेहमी युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. आयफेल टॉवरला २०२४ पासून यूपीआय चालते ही बातमी खरी आहे, पण त्या भरवशावर बाकीच्या शहरांत हिंडता येत नाही.

दोन आठवड्यांनी भाईंचा फोन आला. त्यांनी मिलानची रात्र काढून टाकली आहे. ल्युसर्नहून मिलान सव्वातीन तास, पुढे मेस्त्रे सव्वादोन-अडीच तास, एकाच दिवसात होते. ती रात्र मेस्त्रेला दिली, म्हणजे तेथे तीन झाल्या, इटलीच्या रात्री सहाच राहिल्या आणि एकदा सामान बांधणे वाचले. जास्तीच्या दिवशी ते एकटे स्थानिक गाडीने व्हिचेंझाला जाऊन येणार, तासाभराच्या आतला प्रवास आहे. प्रदर्शन नसले तरी सोनारांची पेठ दिसेल, आणि डाय करणाऱ्या एखाद्या कारखान्याला आधी पत्र लिहून ठेवले तर कोणी आत घेईलही. यंत्र त्यानंतरच्या जानेवारीत, टी-गोल्ड पाहून, मग घ्यायचे ठरले आहे. कमी पडणाऱ्या साडेपस्तीस हजारांसाठी भिशीचा आणखी एक हप्ता थांबायची त्यांची तयारी आहे.

मुलाचा पासपोर्ट मात्र अजून काढायचा आहे. शाळेच्या दाखल्यावर त्याचे आडनाव एका तऱ्हेने आहे आणि आधारवर दुसऱ्या. या आठवड्यात ते आधी त्याच कामाला लागले आहेत.